बैल एकटा घरी येतो, ती हुशारी म्हणायची का?

वर्धा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी मला एक प्रश्न विचारला आहे. चौथीच्या वर्गात भागाकार न जमलेल्या एका पोराला ते रागाच्या भरात "ढोर आहेस नुसता" असं बोलून गेले. पोरगा खाली मान घालून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, आमचा सर्जा तर वावरातून एकटाच घरी येते." वर्ग हसला. गुरुजींना मात्र ते वाक्य लागलं. ढोराला खरंच बुद्धी असते का, असली तर माणसाच्या बुद्धीहून ती वेगळी कशी, आणि आता त्या पोराला काय सांगू, असं त्यांचं विचारणं आहे.

गुरुजी, मी तीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून गावोगाव फिरतो आहे, त्यातली बरीचशी गवळाऊ गुरांच्या भागात. आधी सरळ उत्तर देतो. पोरगा खरं बोलला. वावरातून निघून, पांदणीचे फाटे न चुकता आपल्याच कोठ्यात येऊन उभं राहणं हे बुद्धीचंच काम आहे. पण "बैल हुशार असतो" एवढंच सांगून थांबू नका. जनावराला मठ्ठ समजण्यात आपण जेवढे चुकतो, तेवढेच त्याला आपल्यासारखं समजण्यातही चुकतो. मी दोन्ही चुका केल्या आहेत आणि दोन्हींचा त्रास मुक्या जनावरांना झाला आहे.

पहिल्या चुकीबद्दल सांगतो. दवाखान्यासमोर लोखंडी पाइपांचा खोडा असतो, जनावर आत उभं करून तपासायला. मार्च महिन्यात एका सकाळी एक शेतकरी खांद्याला गाठ आलेला बैल घेऊन आला. बैल खोड्याच्या तोंडाशी आला आणि पाय रोवून उभा राहिला. मालकानं शेपूट पिळली, दोघांनी मागून रेटलं, एकानं तुतारीची आर टोचली. बैल थरथरत होता, पण पाऊल उचलेना. "साहेब, हा अडेल हाये. डोकंच नाई त्याले," मालक म्हणाला. मीही तोवर तसंच समजत होतो. मग कोण जाणे काय सुचलं, मी बैलाच्या शेजारी उभा राहून त्याच्या डोळ्यांच्या उंचीला वाकलो आणि आत पाहिलं. पाइपांच्या सावल्या ओट्यावर काळ्या पट्ट्यांसारख्या पडल्या होत्या. आत टांगलेली एक साखळी वाऱ्यानं हलत होती आणि तिच्यावर ऊन चमकत होतं.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला सुमारे ३३० अंशांतलं दिसतं, म्हणजे शेपटीमागची एक पट्टी सोडली तर चहूबाजूंचं. वाघ कुठूनही येईल अशा रानात जगायला असेच डोळे हवेत. पण त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा समोरचा भाग अरुंद राहतो, आणि जमीन किती खोल आहे हे जोखायला त्याला थांबून मान खाली घालावी लागते. उजेड आणि सावलीची ठळक रेघ त्याला खड्ड्यासारखी भासते. आपण तर मागून रेटून त्याला मान खाली घालूच देत नव्हतो.

साखळी काढली. ओट्यावर पोती अंथरून वर माती पसरली. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. बैलानं मान खाली केली, पोतं हुंगलं, दोनदा फुरफुरला आणि आपणहून आत गेला. पाऊल टाकण्याआधी जमीन पक्की आहे का हे पाहणारं ते जनावर होतं, आणि त्यासाठी त्यानं मार खाल्ला होता. तेव्हापासून कोणतंही जनावर अडलं की मी आधी पाहतो, याला आत्ता काय दिसतंय, काय ऐकू येतंय, कसला वास येतोय.

दुसरी चूक उलट्या बाजूची. नंदीबैलवाला गावात आला की ढोलकं गुबुगुबु वाजतं, झूल पांघरलेला बैल अंगणात उभा राहतो. "सांग नंदी, यंदा पाऊस पडन का?" बैल मान डोलावतो, आणि आयाबाया सुपातून दाणे आणून घालतात. लहानपणी माझी खात्री होती की नंदीला माणसाची भाषा समजते. कॉलेजात शिकताना हान्स नावाच्या घोड्याची हकिगत वाचली तेव्हा उलगडा झाला.

हान्सचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे बर्लिनचे, तुमच्यासारखेच शिक्षक, गणिताचे. त्यांचा घोडा बेरीज, वजाबाकी, अपूर्णांकसुद्धा खूर आपटून सोडवायचा. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीनं तपासलं, त्यांना लबाडी सापडली नाही, आणि खरोखर नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं चिकाटीनं प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. ठोके मोजताना विचारणारा किंचित पुढे झुकलेला असायचा, आणि बरोबर आकडा आला की त्याची मान नकळत जराशी वर व्हायची. तेवढ्यावर हान्स थांबायचा. गंमत अशी, की हे कळल्यावर खुद्द फुंग्स्टना स्वतःची ती हालचाल आवरता येईना.

हान्सला गणित येत नव्हतं. पण माणसाच्या मानेची केसाएवढी हालचाल टिपायची, तीही माणसाला स्वतःला कळत नसताना, हे आपल्यापैकी किती जणांना साधेल? विचार न करता होकार देणाऱ्याला आपण "नंदीबैल" म्हणतो. खरा नंदीबैल मालकाच्या हाताकडे आणि ढोलक्याच्या ठोक्याकडे एकचित्तानं लक्ष देऊन उभा असतो. तुमच्या वर्गातही हे घडत असणार. "सात त्रिक?" म्हणून तुम्ही पोराकडे पाहता, पोरगा तुमच्या भुवयांकडे पाहत "अठरा... वीस... एकवीस" करत जातो आणि तुमचा चेहरा मोकळा झाला की थांबतो. त्याला पाढा आला असं धरू नका. एकदा फळ्याकडे तोंड करून विचारून बघा.

आता जनावर शिकतं कसं, हे जवळून पाहिलेलं सांगतो. एका घरी कोठ्याच्या फाटकाची कडी जिभेनं उचलून बाहेर पडणारी गाय होती. रात्री सुटायची, सोयाबीनच्या पोत्यात तोंड घालायची, सकाळी पोट फुगलेलं, की मला बोलावणं. घरची बाई म्हणायची, "डाक्टर साहेब, हिले सारंच समजते." मी त्यांना कडी बदलायला सांगितली. जुनी काढून हातभर खाली, उलट बाजूला सरकणारी नवी लावली, आणि त्या रात्री मी मुद्दाम तिथंच मुक्काम केला. दिवा मालवल्यावर गाय उठली. कडी जिथं असायची त्या रिकाम्या जागी तिनं जीभ लावली. परत लावली. परत. मग शिंग घासलं, हनुवटी टेकवून फाटक रेटलं, पुन्हा जीभ त्याच जागी. नवी कडी तिच्या नाकाखाली होती. पुढे आठवडाभरानं धडपडीत कधीतरी ती सरकली, आणि त्यानंतर मात्र गाय रोजच थेट नव्या कडीशी जाऊ लागली. शेवटी साखळी आणि कुलूप लावावं लागलं.

थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरांना पिंजऱ्यात ठेवून हेच पाहिलं होतं. मांजर आधी वाट्टेल ते करतं, चुकून खटका दबतो, दार उघडतं, आणि दर खेपेला वेळ थोडा थोडा कमी होत जातो. कडी कशी चालते हे त्या गायीला समजलं होतं, असं मी म्हणणार नाही. काय केलं की काय होतं, एवढं तिनं पक्कं धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर आपणही मोबाइल असाच शिकलो.

तरी यावरून "गाय एवढंच करू शकते" अशी रेघ ओढू नका. ऑस्ट्रियात वेरोनिका नावाची एक पाळीव गाय आहे. ती लांब दांड्याचा ब्रश तोंडात धरून अंग खाजवते. पाठीला ब्रशची बाजू लावते आणि पोटाखालच्या नाजूक भागाला दांड्याचं गुळगुळीत टोक. व्हिएन्नाच्या संशोधकांनी तिची रीतसर परीक्षा घेतली आणि २०२६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आपल्या गायींना आपण चार हाताच्या दाव्याला बांधून ठेवतो, त्यांच्यासमोर कधी ब्रश पडणार? त्याहून मला मोलाचा वाटतो तो केंब्रिजचा २००४ सालचा प्रयोग. कालवडींना एक फळी दाबून फाटक उघडायला शिकवलं, पलीकडे खाद्य. दुसऱ्या काही कालवडींना फाटक आपोआप उघडून खाद्य मिळत होतं. ज्या स्वतः शिकत होत्या, त्यांच्या हृदयाचे ठोके नेमके जमायला लागलं त्या वेळी वाढत होते आणि त्या फाटकातून उसळून पळत होत्या. खाद्य दोघींना सारखंच मिळत होतं. जमल्याचा आनंद गुराला होत असावा, याची खूण यंत्रावर मोजली गेली.

मग गुरं खिळे, तारा, प्लास्टिक का खातात, हे मला नेहमी विचारतात. गाय जिभेचा विळखा घालून चारा ओढते, फार न चावता गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. शेळीचे ओठ चपळ, ती पानन्‌पान निवडते. कुटारात तारेचा तुकडा असेल तर शेळी बहुधा तो बाजूला सारते, गाय गिळते आणि तो दुसऱ्या पोटात जाऊन कधी कधी हृदयापर्यंत टोचतो. हा तोंडाच्या घडणीतला फरक आहे, अकलेतला नाही.

विषारी पाल्याचं याहून वेगळं. जनावर चवीवरून फार पक्कं शिकतं: काही खाल्लं, काही वेळानं मळमळलं, की ती चव ते पुढे टाळतं. कोणता पाला खायचा हे वासरू आईच्या तोंडाशी तोंड लावून चरताना शिकतं, म्हणून कालवड पहिल्यांदाच परक्या रानात एकटी सोडू नका असं मी सांगतो. पण ज्वारीच्या कोवळ्या धांड्यांचं किराळ, म्हणजे त्यांतलं विष, लागलं तर जनावर काही मिनिटांत आडवं होतं. जे एकदाच्या चुकीनं मारतं, त्यापासून धडा घ्यायला कोणी उरत नाही. तिथं राखणदाराचंच डोकं लागतं.

जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्यांना तर जनावराची बुद्धी मी शिकवायची गरज नाही. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांना हाकलायला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुन्या साड्या बांधतात, रात्रभर भोंगा लावतात. पहिले काही दिवस वावर वाचतं. मग कळप भोंग्याखाली उभा राहून चरतो. आवाज होतो पण काही बिघडत नाही, हे त्यांनी ताडलेलं असतं. झटका मशीन टिकतं, कारण तिथं तार लागली की खरंच झटका बसतो. भोंगा वापरायचाच तर जागा आणि वेळ रोज बदला, सलग चालू ठेवू नका. आणि गुरुजी, रोज त्याच सुरात ओरडणाऱ्या मास्तरच्या वर्गातही भोंग्याखालचा कळप तयार होतो, हे मी माझ्या शाळेत अनुभवलं आहे.

मेंदूच्या आकारावर फार जाऊ नका. बैलाचा मेंदू साधारण साडेचारशे ग्रॅमचा, माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, आणि स्पर्म व्हेल या देवमाशाचा आठ किलोच्या घरातला. पेशी मोजल्या तर माणसाच्या मेंदूत ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, तर आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५,७०० कोटी. पण हत्तीच्या त्यातल्या बहुतेक सगळ्या मेंदूच्या मागच्या, 'लहान मेंदू' म्हणतात त्या भागात. मधमाशीच्या मेंदूत जेमतेम दहा लाख. तेवढ्यात ती काय करते पाहा. मेळघाटातल्या उंच झाडावरच्या आग्या मोहोळात परतलेली माशी पोळ्यावर थरथरत, सरळ रेषेत नाचते. उभ्या रेषेपासून तिच्या नाचाचा जो कोन, तोच सूर्याच्या दिशेपासून फुलांचा कोन, आणि नाच जितका लांबतो तितकी फुलं दूर. मधमाशांची ही भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. वनस्पतीतही असं काही दिसतं. अमरवेलीचं रोप उगवलं की गोल फिरत आधार शोधतं, आणि टोमॅटोच्या झाडाचा वास ओळखून तिकडे झुकतं हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. याला मी बुद्धी म्हणत नाही, कारण अमरवेल चुकून शिकत नाही. पण ज्यांना म्हणायचं आहे त्यांच्याशी मी भांडणारही नाही.

आता माणूस. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २००७ मध्ये अडीच वर्षांची १०५ मुलं, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना एकसारख्या परीक्षा दिल्या. वस्तू कुठे लपवली, कोणत्या ढिगात जास्त, काठीनं खाऊ कसा ओढायचा, यांत माणसाची पोरं आणि चिंपांझी जवळपास बरोबरीत होते. पोरं फार पुढे गेली ती दुसऱ्याचं पाहून शिकण्यात, बोटाचा इशारा ओळखण्यात, समोरच्याला काय हवंय हे जाणण्यात. माणसाचं वेगळेपण मला तिथंच दिसतं. डवऱ्याला, म्हणजे पिकातल्या कोळपणीला, नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात; एका हंगामात तो तासाच्या मधोमध खूर टाकायला आणि धुरा आला की कासरा ओढण्याआधी वळायला शिकतो. पण जुना बैल त्याला शिकवत नाही, गोऱ्हा त्याच्यासोबत राहून शिकतो. चूक कुठं झाली हे थांबून दाखवणं, दहा वेळा निराळ्या रीतीनं सांगणं, आजोबांनी शोधलेलं नातवाला आयतं देणं, हे एवढ्या प्रमाणात दुसरा कोणताही जीव करत नाही. आपली निम्मी बुद्धी आपल्या डोक्याबाहेर, दुसऱ्यांच्या डोक्यात असते. तुम्ही त्या पोराला ढोर म्हणालात तेव्हा त्याचा तो रस्ता जरा बंद झाला, म्हणून मला वाईट वाटलं.

बुद्धी मोजण्याच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. पहिली उपयोगी चाचणी आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये केली, ती कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे शोधण्यासाठी. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी असते, या समजुतीवर बिने यांनी स्वतः कडक टीका केली होती. पुढे लोकांनी त्याच चाचणीवरून मुलांवर शिक्के मारले. अशा परीक्षेतून काहीच कळत नाही असंही नाही; पण आकडा बघताना पोरगं काय खाऊन आलंय, रात्री झोपलंय का, हे कोणी पाहत नाही. गर्भारपणी आईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं; घरात खडे मीठ वापरतात की आयोडीनचं, हेही मुलांना विचारून ठेवा.

त्या पोराचं काय करायचं ते आता सांगतो. आधी खोड्याशी अडलेल्या त्या बैलासारखं त्याच्या जागेवर जाऊन बसा. त्याच्या बाकावरून फळा दिसतो का? दुपारी खिडकीचं ऊन फळ्यावर चकाकतं का? त्याचे डोळे, कान तपासून घ्या. भागाकार म्हणजे चिन्हं आणि पायऱ्या. एक पायरी निसटली की सगळं कोसळतं आणि पोरगा तुमच्या भुवयांकडे बघायला लागतो.

मग त्याला घरचं गणित द्या. घरी गुरं किती? समजा चार. कडब्याच्या पेंढ्या बावीस. प्रत्येकाला किती, उरतील किती? माझा अंदाज आहे की तो आधी म्हणेल, "सर, म्हातारी गाय कमी खाते." त्याला अडवू नका, ते बरोबर आहे, आणि तिथून सारखे वाटे म्हणजे काय हे समजावणं सोपं जाईल.

आणि सर्जाचा रस्ता त्याच्याकडून फळ्यावर काढून घ्या. वावर कुठं, नाला कुठं, पांदणीला फाटे किती, सर्जा कुठं थांबून कान टवकारतो, कुठं पाणी पितो. पोराला चार दिवस त्याच्या मागून चालत यायला सांगा, पण हाकलायचं नाही, हाक मारायची नाही, नाही तर हान्ससारखं होईल. एक दिवस नेहमीच्या वाटेवर काटेरी फांदी आडवी टाकू द्या आणि सर्जा काय करतो ते पाहून यायला सांगा: परत फिरतो, तिथंच उभा राहतो, की वळसा घालून पुढच्या फाट्याला लागतो. मला स्वतःला त्याचं उत्तर ऐकायचं आहे. पुढच्या बुधवारी लसीकरणासाठी तुमच्या गावच्या आखरावर येतो आहे, नकाशा पुसू नका.